पाहुणीची बाळी

१. मासा चालत आला

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी एक मासा बर्फ कारखान्याच्या कोपऱ्यावर उगवला, क्षणभर थांबला, डांबरी रस्त्यानं दीडशे पावलं चालला, डावीकडे वळला आणि भिंगरीच्या बाबांच्या शेडमध्ये जाऊन बसला.

निदान आत्याच्या संगणकाचं तरी असंच म्हणणं होतं.

"आत्या, तुझ्या पाहुणीला पाय फुटले!"

भिंगरी दहावीत होती. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यात सुखरूप होतं. घरी, बंदरावर, अगदी गणिताच्या बाईंच्या तोंडीसुद्धा ती भिंगरीच, कारण एका जागी बसणं तिच्या रक्तातच नव्हतं. शाळा साडेदहाची. त्याआधी तासभर आत्याच्या मत्स्य संशोधन केंद्रात लुडबुड करायची, हा तिचा रोजचा नेम. केंद्र म्हणजे धक्क्यावरच्या दोन खोल्या. एकीत बरण्या, दुसरीत संगणक आणि दोन्हींत वास.

आत्या हसली नाही. तिनं पडद्यावरचा लाल ठिपका बोटानं झाकला, बोट काढलं. ठिपका जागच्या जागी.

पाहुणी म्हणजे एक कुपा, ट्यूना जातीची माणसाएवढी लांब मादी. गेल्या वर्षी आत्यानं तिच्या पाठीत बोटभर यंत्र अडकवून तिला सोडून दिलं होतं. कानातल्या दागिन्यासारखं अडकवलेलं, म्हणून त्या यंत्राला सगळं बंदर बाळी म्हणायचं. बाळी पाण्यात असली की तोंड मिटून दर दहा मिनिटांनी खोली, तापमान आणि उजेड लिहून ठेवते. हवेत आली की मात्र उपग्रहाला हाक मारते, की मी इथं आहे!

"काल संध्याकाळी पाच चाळीसला एकच हाक आली होती," आत्या म्हणाली. "बंद पाण्यातून. हद्दीच्या नऊशे मीटर आतून. मला वाटलं बाईसाहेबांनी उडी मारली. आणि आज ही हाक दादाच्या शेडमधून."

बंद पाणी हा समुद्राचा एक चौकोनी तुकडा. कागदोपत्री त्याचं नाव सागरी राखीव क्षेत्र. कुपा अंडी घालायला येतात ते दोन महिने तिथं मासेमारी करायची नाही, असा तीन वर्षांचा करार होता. आता मुदत संपत आली होती. तो पुढे चालवायचा की मोडायचा, ते उद्या, बुधवारी दुपारी चार वाजता सभेत ठरणार होतं. आणि तो चालावा म्हणून दारोदार फिरून ज्या माणसानं चपला झिजवल्या, ते भिंगरीचे बाबा. बंदरातले सगळ्यांत नावाजलेले तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान.

बाहेर गाडी थांबली. मत्स्य खात्याचे साहेब दारात उभे. "तुमच्या बाळीच्या हाका आम्हालाही ऐकू येतात, मॅडम. चला शेडमध्ये."

बाळी जाळ्यांच्या ढिगावर अगदी वर ठेवलेली होती, जणू कुणी निगुतीनं ठेवावी तशी. मासा कुठंच नव्हता.

"तांडेल," साहेबांनी विचारलं, "काल संध्याकाळी पाच चाळीसला कुठं होतात?"

"समुद्रात."

"बरोबर कोण?"

"कुणी नाही."

"समुद्रात नेमकं कुठं?"

बाबांनी एकदा भिंगरीकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"ते मी सांगणार नाही."

२. मिठाची गुळणी

साहेब वाईट माणूस नव्हते. फक्त जगातली प्रत्येक गोष्ट रकान्यात बसते अशी त्यांची श्रद्धा होती.

"मासा बंद पाण्यातला, बाळी तुमच्या शेडमधली आणि तुम्ही धरलीय मिठाची गुळणी. मी काय समजायचं? उद्या चारपर्यंत उत्तर द्या. नाहीतर होडीचा परवाना वर्षभर रद्द."

ते गेले. आत्या बाळी घेऊन केंद्रात गेली. तिच्या पोटातल्या नोंदी काढायला दिवस जाणार होता. शेडमध्ये बाप-लेक उरले.

"बाबा, तुम्ही नाही ना पकडलंत तिला?"

"नाही."

"मग सांगा की कुठं होतात!"

"शाळेला उशीर होईल तुला."

बाबा खोटं बोलत नसत. पण खरं बोलायचंही नाही असं त्यांनी ठरवलं, तर हातोडीनं दगड फुटावा पण तोंड फुटू नये. भिंगरीनं नाद सोडला आणि शेड बघायला सुरुवात केली. कुलूप नाही, कधीच नसतं. जाळी, दोर, रंगाचे डबे. ढिगाच्या पायथ्याशी सिमेंटवर एक पांढुरका गोल उमटला होता, ताटाएवढा. रंगाचा डबा ठेवला असेल, असं म्हणून तिनं तो ओलांडला. पुढं तिनं स्वतःच्या कपाळावर मारून घेतलं ते याच गोलापायी.

धक्क्यावरून शाळेकडे पळताना गळआजोबा दिसले. बाबांचे मामा. सत्तरी उलटली तरी छोट्या होडीतून, हातात एकच दोर आणि एकच गळ घेऊन मासे धरणारे बंदरातले शेवटचे. बाकी सगळे जाळीवाले. होडीत पडदा नाही, जागा सांगणारं यंत्र नाही. "दिवा टाकीमागं लपला की बंद पाण्याचा काठ आला, तिथं थांबायचं," असं ते छाती काढून सांगत. दिवा म्हणजे टेकडीवरचं दीपगृह आणि टाकी म्हणजे शाळेची उंच निळी पाण्याची टाकी. "आणि मासा काठावरच जास्त बरं का! आत सुखानं वाढतो, मग बाहेर उतू जातो. म्हणून तर बंद पाण्याचा पहिला भक्त मी."

रोज तिला बघितलं की ते ओरडत, "भिंगरे, थांबलीस तर पडशील गं!" आज ओरडले नाहीत. गळाला दोरा ओवत बसले होते.

"काय गं, ते यंत्र जागा सांगतं ती चुकते का कधी?"

"दहा-वीस पावलं इकडे-तिकडे. का?"

"काही नाही." त्यांनी पहिल्याच फटक्यात दोरा ओवला आणि मग डोळे चोळले. "जा, घंटा होईल."

घंटा झालीच होती. त्यात धावून धावून घसा कोरडा पडलेला. जुन्या सवयीनं भिंगरी मैदानाच्या डाव्या टोकाला नळाकडे वळली आणि आठवलं की सुट्टीत नळ पार उजवीकडे नेलाय. मैदान तुडवत जावं लागलं. बाईंनी तिला दारातच पकडलं.

"कुठं होतीस?"

"ते मी सांगणार नाही," भिंगरीच्या तोंडून निघून गेलं, आणि मग तिचं तिलाच रडू आलं.

३. बर्फ कुणाला सोडत नाही

शाळा सुटल्या सुटल्या ती कोपऱ्यावर. ठिपका पहिल्यांदा उगवला तो इथं, बर्फ कारखान्याच्या भिंतीला लागून. आणि कारखान्याचा मालक, म्हणजे सगळ्यांचा बर्फवाला, बंद पाण्याचा हाडवैरी. दोन महिने होड्या कमी बाहेर पडतात, मग बर्फाला विचारतं कोण?

"आली का तांडेलाची वकीलीण!" लाद्या फोडता फोडता तो म्हणाला. "काय म्हणतोय तुझा बाप? कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं!"

"बर्फवालेकाका, सकाळी नऊ दहाला बाळी तुमच्या भिंतीपाशी होती."

"मग? भिंतीपाशी कुत्रीपण असतात. त्यांनाही विचार."

"तुम्हाला करार मोडायला हवाय. बाबा चोर ठरले की आपोआप मोडतो."

बर्फवाल्यानं हातोडा खाली ठेवला. भिंगरीचं काळीज जरा हललं, पण पाय हलले नाहीत.

"हे बघ पोरी. तो करार मूर्खपणाच आहे. कुपा आज इथं, महिन्यानं हजार मैलांवर. फिरस्त्या माशाला कुंपण घालणं म्हणजे वाऱ्याची मोट बांधणं. हे मी उद्या सभेत सगळ्यांसमोर बोलणार. मला चोरून काही करायची गरज काय?" मग तो खो खो हसला. "आणि ती बाळी तापमान लिहून ठेवते म्हणे? मग विचार तिलाच. माझ्याकडे जो येतो तो थंड होतो. मासा असो, माणूस असो की तक्रार असो. माझ्या बर्फाला शिवली असती तर शून्यावर आपटली असती."

भिंगरी जागीच थबकली. बरोबर होतं! धरलेला मासा बर्फात जातो. बर्फाला लागलाच नाही असा मासा या बंदरात कुणाकडे असेल?

"नऊच्या सुमाराला इथं कोण होतं?"

"कोण नव्हतं ते विचार. गटाराचं तोंड इथंच आहे. जाळी धुणारे, बादल्या ओतणारे, चुळा भरणारे, सगळं बंदर इथंच सांडतं."

४. काका आणि कडी

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. सकाळी साहेब गेल्यापासून बंदरात कुजबुज होती ती त्याच्याबद्दल. बंद पाण्यावरून दोघा भावांची भांडणं सगळ्यांनी ऐकलेली, आणि शेड त्याचीही. भिंगरी गेली तेव्हा तो शेडमागं उलट्या टाकलेल्या लहान होडीला रंग लावत होता. कानाच्या पाळीपर्यंत निळा.

"काका, खरं सांग. तू ठेवलीस का बाळी?"

"दादाशी मी भांडतो ते त्याच्या तोंडावर. मागून काडी लावायला मी काय आगपेटी आहे?"

"मग तुला कोण दिसलं?"

"दिसणार काय? नऊच्या पुढंमागं मी या होडीखाली आडवा होतो. कुणीतरी शेडमध्ये आलं. खोकलं. काहीतरी खाली टेकवलं, कडी वाजली. मग उचललं, कडी परत वाजली. मला वाटलं दादाच."

"दाराची कडी?"

"शेडच्या दाराला कडी कधी होती गं? ती तर तुझ्या जन्माआधीच गंजून पडली."

भिंगरी पळतच शेडमध्ये शिरली. पांढुरका गोल तसाच होता. तिनं बोट ओलं करून त्यावर घासलं आणि जिभेवर टेकवलं.

"शी! काय चाटतेस?" काका दारातून ओरडला.

"खारट!" भिंगरीनं कपाळावर हात मारून घेतला. "काका, हा रंग नाही. हे मीठ आहे!"

५. एक वीत समुद्र

आत्यानं नोंदींचे कागद टेबलावर पसरले होते. आकड्यांच्या रांगाच रांगा.

"साहेबांनी फक्त पाच चाळीसची ओळ वाचली आणि गेले," ती म्हणाली. "चौदा मीटर खोलीवरून सरळ वर, हवेत. पकडली तिला, भिंगरे. त्यात शंका नाही."

"पुढच्या ओळी?"

"पुढं बाळी पुन्हा पाण्यात. म्हणून सकाळपर्यंत हाक नाही."

"किती खोल पाण्यात?"

आत्यानं चष्मा खाली ओढला. "वीस सेंटिमीटर. रात्रभर वीसच. हे काय गं? एक वीत!"

"आणि तापमान?"

"संध्याकाळी एकोणतीस. मग अठ्ठावीस, सत्तावीस... पहाटे तेवीस. सकाळी पुन्हा पंचवीस."

भिंगरी खुर्चीवरून उठली, बसली, परत उठली. "आत्या, समुद्र एका रात्रीत सहा अंश गार होतो का?"

"छे! एवढा मोठा समुद्र. अर्धा अंशसुद्धा नाही."

"बर्फात असती तर शून्य. समुद्रात असती तर एकोणतीस. मग असं कोणतं पाणी आहे, जे वीतभर खोल आहे, खारं आहे, रात्री हवेबरोबर निवतं आणि सकाळी तापतं?" ती थांबली, कारण असं वाक्य बोलायची संधी रोज मिळत नाही. "बादली! खाऱ्या पाण्याची बादली. सकाळी ती गटारापाशी ओतली, बाळी हवेत आली आणि बोलायला लागली. मग ती बादली शेडमध्ये टेकवली, तिची कडी वाजली. मिठाचा गोल उमटला."

आत्या हळूच म्हणाली, "खारं पाणी रात्रभर बादलीत कोण ठेवतं? जाळीवाल्यांना काय गरज?"

"कुणाला असते?"

"ज्याला आमिष जिवंत ठेवायचंय त्याला. गळाला लावायच्या छोट्या माशांना."

भिंगरी खुर्चीत परत बसली. सगळ्या बंदरात गळ एकाच्याच हातात होता.

६. डोळे

बुधवारी शाळेच्या मधल्या सुट्टीत भिंगरीनं बाबांना गाठलं.

"बाबा, सोमवारी तुम्ही आजोबांची होडी पाहिलीत. बंद पाण्यात. म्हणून गप्प आहात."

बाबा दोराचा पीळ सोडवायला लागले. "मी आत उगाच गेलो होतो. इंजिन बंद करून कुपा उड्या मारतात ते बघायला. तांडेल आणि मासे बघत बसलाय, लोक हसतील म्हणून कुणाला सांगत नाही. तेव्हा लांबवर मामांची होडी दिसली. गळ सोडलेला." त्यांनी दोर खाली ठेवला. "मला वल्हं धरायला शिकवलं त्यांनी. मी त्यांचं नाव साहेबांच्या रकान्यात घालू?"

भिंगरी तडक आजोबांच्या खोलीवर गेली. होडी किनाऱ्यावर ओढून उपडी केलेली होती. या मोसमात कधी नव्हे ती. आजोबा उंबऱ्यावर बसले होते, शेजारी रिकामी बादली.

"मला वाटलंच तू येशील," ते म्हणाले. "सभेत मीच सांगणार होतो. सोमवारी जड काहीतरी लागलं. ओढून होडीला टेकवलं तर पाहुणी! मी बाळीला हात घातला तर ती हातातच आली. मग काय करतो, दोर कापला. गेली ती. बाळी टाकली बादलीत आणि सकाळी तांडेलाच्या शेडमध्ये ठेवली, म्हटलं तो बहिणीला देईल. तो काही तिथं नव्हता. मला काय ठाऊक मी आत होतो! बोंब झाली तेव्हा कळलं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

आजोबांनी तळहात डोळ्यांवर ठेवले. "दिवा टाकीमागं बरोब्बर लपला होता गं. तुझ्या गळ्याशप्पथ. तरी मी नऊशे मीटर आत. म्हणजे डोळे गेले माझे. लेक वर्षभर म्हणतेय, आता होडी पुरे. एक दिवस, एकच दिवस मला ते कुणाला सांगवेना. आज सांगेन. तांडेलावर आळ नको. आणि होडी आता उपडीच राहील."

भिंगरी त्यांच्या शेजारी बसली. पण बसल्या बसल्या मनात एक प्रश्न आला, आणि प्रश्न तिला कधीच गप्प बसू देत नसे. काल याच माणसानं, याच डोळ्यांनी, पहिल्या फटक्यात गळाला दोरा ओवला होता.

"आजोबा, त्या पलीकडच्या होडीवर किती पक्षी बसलेत?"

"पाच. सहावा आत्ता उडाला. का?"

तिनं मोजले. पाच.

डोळे शाबूत. शपथ खरी. बाळी खरी. मग खोटं कोण? ती टेकडीकडे बघत उभी राहिली. वर पांढरं दीपगृह, खाली शाळा आणि शाळेशेजारी निळी टाकी. नेहमीसारखी. उंच, निळी आणि मैदानाच्या उजव्या टोकाला.

उजव्या?

"आजोबा, चारला या! नक्की या!" ती ओरडली आणि धावत सुटली. दोन्ही चपला उंबऱ्यापाशीच राहिल्या.

७. सभा

सभा मासळी बाजाराच्या मोठ्या शेडमध्ये होती. साहेब टेबलामागं, आत्या कडेला, बाबा पहिल्या बाकावर ताठ. भिंगरीचा पत्ता नव्हता.

बर्फवाल्यानं सुरुवात केली. "मी आधीपासून सांगतोय. कुपा हा फिरस्ता. त्याला चौकोनात राखून काय उपयोग? आणि राखणारे कसे निघाले ते बघताच आहात."

"तांडेल," साहेब म्हणाले, "चार वाजलेत."

बाबा उठले. उठले आणि नुसतेच उभे राहिले.

"त्याला खाली बसू द्या, साहेब," मागून आवाज आला. गळआजोबा काठी न टेकता पुढं येत होते. "बाळी मी ठेवली. पाहुणी माझ्या गळाला लागली. मला वाटलं मी बाहेर आहे. माझे डोळे—"

"डोळे नाही गेले!"

दारात भिंगरी. अनवाणी, घामाघूम, एका हातात खेळाच्या बाईंची मोजपट्टी, दुसऱ्या हाताला ओढत आणलेल्या गणिताच्या बाई. त्यांच्या काखेत वर्गातला लहान फळा.

"हिनं मला चालू तास अर्ध्यावर सोडायला लावलाय," बाई धापा टाकत म्हणाल्या. "पण गणित बरोबर आहे. मी तपासलंय."

भिंगरीनं फळा बाकावर उभा केला. "हे दीपगृह. ही टाकी. आजोबा या दोघांना एका रेघेत आणतात, ती रेघ म्हणजे बंद पाण्याची हद्द. तीन वर्षं बरोबर येत होती. पण सुट्टीत जुनी टाकी पाडली आणि नवी बांधली. तोच निळा रंग, तीच उंची, फक्त मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. आजोबा शाळेकडे कधी चढत नाहीत. समुद्रातून बघणाऱ्याला टाकी ती टाकीच!"

"अगं, पण मैदान केवढंसं," बर्फवाला म्हणाला.

"साठ मीटर. आत्ता मोजलंय. दीपगृहापासून टाकी सहाशे मीटरवर. आणि दीपगृहापासून आजोबांची जागा नऊ किलोमीटरवर, म्हणजे पंधरापट. समरूप त्रिकोण! इथं साठ सरकलं तर तिथं पंधरापट सरकतं." तिनं खडू दाबून लिहिलं. "नऊशे मीटर. टाकी गेली त्याच बाजूला, थेट बंद पाण्यात. बाळीनं सांगितलेली जागा हीच."

मागच्या बाकांवरचे लोक उठून फळा बघायला पुढं सरकले.

आजोबा फळ्याजवळ आले. रेघेवरून त्यांनी बोट फिरवलं, एकदा, दोनदा. "म्हणजे... टाकी हलली?"

"टाकी हलली, आजोबा. तुम्ही नाही."

ते मटकन बाकावर बसले आणि हसायला लागले. हसता हसता डोळे पुसायला लागले. गेले म्हणत होते, तेच डोळे.

साहेबांनी घसा खाकरला. "मासा सोडला याला पुरावा?"

आजोबांनी खिशातून दोराची गुंडाळी काढली. टोक सुरीनं कापलेलं, गळ गायब. आश्चर्य म्हणजे पुढं बोलला तो बर्फवाला.

"साहेब, या म्हाताऱ्यानं आयुष्यात माझ्याकडून बर्फाचा खडा घेतला नाही. माझा याच्यावर रागच आहे. पण हा सोडला म्हणतोय ना, तर सोडला."

मग आत्या उठली. तिनं भिंतीवर एक नकाशा लावला. त्यावर एक लांबच लांब लाल रेघ होती, समुद्रभर वेलांट्या घेत गेलेली.

"बाळी हातात परत आली म्हणून हे मिळालं. कुठं किती वाजता उजाडलं, किती वाजता मावळलं, त्यावरून तिचा वर्षभराचा रस्ता काढता आला. हजारो मैल फिरली. दोन महिने या टोकाला, तीन त्या टोकाला. आणि गेल्या वर्षी मी तिला सोडलं त्याच आठवड्यात, त्याच पाण्यात परत आली. बर्फवाले, तुमचं खरं आहे. फिरस्ता मासा राखायचा तर सगळा समुद्र राखता येत नाही."

"तेच म्हणतोय मी—"

"पण बस दिवसभर फिरते म्हणून थांबा नको का? चढणारे-उतरणारे सगळे थांब्यावर सापडतात. तिथंच जाळं लावलं तर बस रिकामी व्हायला किती दिवस? आपला थांबा आपण राखायचा. पुढचा पुढच्या बंदरानं. ही रेघ मी त्यांनाही पाठवणार आहे."

साहेबांनी कागद पुढं ओढला, पेन उघडलं, मिटलं. "'टाकी सरकली' असा रकाना आमच्याकडे नाही," ते कुरकुरले. "नवीन आखावा लागेल. तांडेल, परवाना राहील. आजोबा, तुम्हाला ताकीद. आणि ज्यांच्याकडे यंत्र नाही त्यांच्यासाठी टेकडीवर दोन पांढरे खांब रोवायचे, हद्दीच्या रेघेत. ते कुणी हलवायचे नाहीत. शाळेनंसुद्धा."

करार चालू ठेवायच्या बाजूनं हात वर झाले. भिंगरी मोजत होती. काकाचा निळा हात वर गेला तेव्हा बाबांनी मागं वळून पाहिलं. बर्फवाल्याचा हात खांद्यापर्यंत आला, तिथं थोडा थांबला आणि मग, डोकं खाजवायचं निमित्त करून, वर गेला.

८. काठावर

खांब रोवल्याच्या दुसऱ्या रविवारी आजोबांनी होडी पाण्यात लोटली. पुढं भिंगरी, मागं सुकाणूवर ते आणि मध्ये बादली.

"सांग हं," ते म्हणाले. "दोन खांबांचा एक झाला की ओरड."

"झाला!"

"नाही झाला. अजून बोटभर दिसतोय मागचा. घाई करतेस." त्यांनी सुकाणू किंचित वळवलं. "आता झाला."

भिंगरीनं डोळे बारीक केले. खरंच, आत्ता झाला होता.

इंजिन बंद केलं. एका हाताला बंद पाणी, एका हाताला उघडं. मध्ये कुठंच काही रेघ नव्हती. सगळं सारखंच निळं. आणि मग बंद बाजूला, शंभरेक हातांवर, पाणी फुटलं आणि एक लांबलचक रुपेरी अंग हवेत उभं राहिलं, वळलं, धपकन आत गेलं.

"पाहुणी?" भिंगरी उठलीच. होडी गदगदा हलली.

"बस गं, बुडवशील! कोण जाणे. आता बाळी कुठं आहे तिच्याकडे ओळखायला?"

"मग कसं कळणार?"

आजोबांनी कपाळावर हात आडवा धरला आणि त्या जागेकडे टक लावून पाहिलं. पुन्हा पाणी फुटलं.

"ओठात माझा गळ आहे," ते म्हणाले. "डावीकडे."

भिंगरीला काहीच दिसलं नव्हतं. तिनं संशयानं त्यांच्याकडे पाहिलं. आजोबा अगदी गंभीर चेहऱ्यानं गळाला दोरा ओवत होते.

पहिल्याच फटक्यात ओवला.